आभाळाचा फोटो आणि पाऊणकी

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात रविवारी सकाळी दहा-बारा मुले-मुली जमतात. वर्तमानपत्र वाचणे, गणिते सोडवणे हा मुख्य कार्यक्रम. पण हल्ली प्रत्येकाच्या नाही तरी दर तिसऱ्या पोराच्या हातात घरातला एखादा मोबाईल असतो आणि मग आदल्या दिवशी काढलेले फोटो दाखवणे हा कार्यक्रम आधी होतो. जून महिना लागला की या फोटोंत माणसे कमी आणि आभाळ जास्त दिसू लागते. "काका, बघा ना, किती भारी ढग होता, पण फोटोत आलाच नाही," ही तक्रार आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की या आठवड्याचे सदर त्यावरच लिहावे असे ठरवले. दुसरेही एक कारण आहे. ते पुढे सांगतो. ते सांगायला आम्हाला फारसा आनंद होत नाही.

आम्ही काही फोटोग्राफर नव्हे. दिवसभर खतावण्या आणि व्हाउचरे बघणारा माणूस. पण आभाळाचा नाद जुना आहे. शाळेत असताना चुलतभावाच्या लग्नासाठी घरात हॉटशॉट कॅमेरा आणला होता. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले दोन शिल्लक. लग्न आटोपल्यावर कॅमेरा परत करण्याआधी आम्ही तो गुपचूप दादरच्या चौपाटीवर नेला. पावसाळा तोंडावर होता. समुद्रावर काळेनिळे आभाळ उभे राहिले होते, त्याच्या फटीतून ऊन पाण्यावर पडले होते. दोन्ही फोटो आम्ही त्याचेच काढले. रोल धुऊन आला तेव्हा त्या दोन फोटोंत खाली चौपाटीवरची माणसे होती आणि वर कोरा पांढरा कागद. वडील महापालिकेत कामाला. धुलाईचे पैसे त्यांनी मोजून दिले होते. ते एवढेच म्हणाले, "आभाळ काय पळून चाललंय? माणसांचे काढायचे होते." त्यांचे खरेच होते. त्या लग्नात आमच्या आजीचा एकही स्वतंत्र फोटो नाही, आणि पुढच्या वर्षी ती गेली.

आभाळ कोरे का आले हे कळायला आम्हाला पुष्कळ वर्षे लागली. कॅमेरा हा डोळ्यासारखा हुशार नसतो. डोळा एकाच वेळी उजेडातला ढग आणि सावलीतली होडी दोन्ही बघतो. कॅमेऱ्याला एकच माप धरावे लागते. जमिनीला पुरेल एवढा उजेड आत घेतला की आभाळ जळून पांढरे होते, आभाळाला जपले की जमीन काळी पडते. ही अडचण फोटोग्राफीच्या जन्मापासूनची आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फोटोग्राफरने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, ते त्या काळी फार गाजले. त्याने युक्ती अशी केली की काही फोटोंत समुद्राची एक काच आणि आभाळाची दुसरी काच वापरून दोन्ही एका कागदावर छापले. आज तुमच्या मोबाईलमध्ये एचडीआर म्हणून जी सोय असते ती जवळजवळ हेच करते; एका दाबात कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेते आणि एकत्र जोडते. पण त्यावर सगळा भरवसा ठेवू नये. मोबाईलच्या पडद्यावर ढगाचा जो भाग सर्वांत उजळ दिसतो तिथे बोट टेकवावे आणि बाजूला सूर्याचे चिन्ह दिसले की ते खाली ओढावे. जमीन काळी होईल, होऊ द्या. होडी, ताडाचे झाड, जाळे ओढणारी माणसे ही काळ्या आकृतीतही ओळखू येतात. ढग मात्र एकदा पांढरा झाला की त्यात परत काही भरता येत नाही. फ्लॅश बंद ठेवावा. तो चार हातांच्या पलीकडे पोचत नाही, आणि पावसात मारला तर जवळचे थेंब तेवढे पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. आणि काच पुसायची. समुद्राच्या वाऱ्यात खारे तुषार असतात, त्यांचा थर बसला की सगळे आभाळ धुरकट येते. मात्र कोरड्या कापडाने खसाखसा घासू नये, मिठाचे कण काचेवर चरे पाडतात. आधी ओलसर कापड, मग कोरडे. पावसात मोबाईलला दुधाची धुतलेली पिशवी पुरते.

एवढे झाले तंत्र. पण आमच्या मुलांचे ढग हुकतात ते तंत्रामुळे कमी आणि वेळेमुळे जास्त. किनाऱ्यावरचे हवामान म्हणजे घटकेत ऊन, घटकेत सर. एकाच शहरात ते किती बदलते याचा दाखला मुंबईकरांना वेगळा द्यायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. त्या दिवशी कुलाब्यातल्या माणसाने खिडकीतून बघून म्हटले असते की पाऊस बरा आहे. तेव्हा आभाळ वाचायला शिकले पाहिजे.

मुंबईत पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला, नोंदीतला सर्वांत लवकरचा. पण चांगले आभाळ ऐन जुलै-ऑगस्टच्या झडीत फार कमी मिळते. तेव्हा वर नुसती राखाडी चादर असते. नाट्य असते ते दोन टोकांना: पाऊस येण्याआधीचे वळवाचे दिवस आणि तो परतताना ऑक्टोबरचे दिवस. या दिवसांत सकाळी आभाळ निरभ्र असते. दुपारी बारा-एकला सह्याद्रीच्या बाजूला कापसाचे गोळे दिसू लागतात. ते गोळे रुंदीपेक्षा उंचीने वाढू लागले, त्यांचे डोके फुलकोबीसारखे झाले की समजावे आज काहीतरी होणार. मग एक वेळ अशी येते की ढगाचे डोके वर जाण्याचे थांबते आणि आडवे पसरू लागते, लोहाराच्या ऐरणीसारखे. हा क्युम्युलोनिम्बस, गडगडाट आणि विजांचा ढग. त्याचे डोके पंधरा किलोमीटर किंवा त्याहून उंच असू शकते, म्हणून तो पन्नास-साठ किलोमीटरवरूनही दिसतो.

इथे एक गंमत ध्यानात घ्यावी. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी चौपाटीवर गेलेला प्रत्येक माणूस समुद्राकडे तोंड करून सूर्यास्ताचा फोटो काढतो. पण ऑक्टोबरात ते मोठे ढग असतात पूर्वेला, डोंगरावर, आणि मावळतीचे तांबूस ऊन पडते ते त्यांच्या अंगावर. म्हणजे खरा फोटो बहुतेक वेळा आपल्या पाठीमागे असतो. इंद्रधनुष्याचेही तसेच, ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणून संध्याकाळचे इंद्रधनुष्य जमिनीच्या अंगाला आणि सकाळचे समुद्रावर. सूर्य बराच वर, ४२ अंशांच्या पलीकडे गेला की जमिनीवरून ते दिसतच नाही. भर दुपारी इंद्रधनुष्य शोधत बसू नये.

आता ते दुसरे कारण.

२०२४ च्या ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आदल्या दिवशी पार पडला होता आणि दुसरा दिवस रविवार होता. वाचनालयाच्या नऊ मुला-मुलींना घेऊन आम्ही आणि आमचे एक सहकारी अलिबागला गेलो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून पुढे एस. टी. घरोघरच्या आयांनी डबे दिले होते. चेंगट पोरांनी लाँचमध्येच निम्मे संपवले. अलिबागला कुलाबा किल्ला समुद्रात आहे, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे. ओहोटीला तिथे वाळूतून चालत जाता येते, भरतीला पाणी भरते. हे सर्वांना ठाऊक असते, आम्हालाही होते. वाटेत मुलांना तिथल्या चुंबकीय वेधशाळेची हकीकत सांगितली, की मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय उपकरणे १९०४ साली इथे हलवली. मुलांचे लक्ष अर्थातच घोडागाड्यांकडे होते.

तीनच्या सुमारास आम्ही वाळूत उतरलो. घोडागाडीवाला म्हणाला, "साडेचाराच्या आत निघा." आम्ही मान डोलावली. किल्ला बघितला, तोफा बघितल्या, चारी बाजूंना खारे पाणी असताना आत गोडे पाणी कसे, यावर बरीच चर्चा झाली. चार वाजता तटावर चढलो तर पूर्वेला डोंगरांवर तो ढग तयार होत होता. आम्ही मुलांना जे वर्षभर सांगत होतो ते सगळे समोर घडत होते. फुलकोबी झाली, मग डोके थांबले, मग ऐरण पसरू लागली. मुले फोटो काढत होती आणि आम्ही मास्तरकी करत होतो. साडेचार झाले. सहकारी म्हणाले, निघू या. आम्ही म्हणालो, पाच मिनिटे, ऊन जरा खाली येऊ दे, रंग येईल. पुन्हा पाच मिनिटे. ही वाक्ये आमची आहेत, दुसऱ्या कुणाची नाहीत. गडगडाट ऐकू आला. समुद्रावरून येणारा वारा अचानक थांबला आणि जमिनीकडून गार वारा आला, ओल्या मातीचा वास घेऊन. हा वास आला म्हणजे ढग तिकडे कोसळू लागला आणि त्यातली गार हवा आपल्यापर्यंत पोचली. त्यावरही आम्ही दोन वाक्ये बोललो!

पाच वाजता दरवाजातून बाहेर आलो तर वाळू दिसत नव्हती.

पाणी फार नव्हते, मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर. पण ते दोन्ही बाजूंनी येत होते आणि मधल्या भागात त्याला ओढ होती. नऊपैकी तिघे अकरा-बारा वर्षांची. पोहता येणारे दोघेच. मागे किल्ल्यात थांबावे तर रात्री उशिरापर्यंत सुटका नाही आणि वर विजा. पुढे जावे तर उघड्या पाण्यात सर्वांत उंच वस्तू आपणच. आम्ही सर्वांना एकमेकांचे मनगट धरायला लावले, बोटे नव्हे मनगट, आणि सर्वांत लहान मुलाला खांद्यावर घेतले. सहकारी पुढे, आम्ही शेवटी. मध्यावर पाणी मांडीच्या वर आले. एका मुलीची चप्पल गेली आणि ती ती धरायला वाकली, तेव्हा आमच्या पोटात जे झाले ते लिहिता येत नाही. तेवढ्यात किनाऱ्याकडून तोच घोडागाडीवाला गाडी पाण्यात घालून आला. लहान तिघांना वर ओढून घेतले, बाकीच्यांना गाडीचा कठडा धरायला सांगितला. सगळा वेळ तो आमच्याकडे बघतही नव्हता. किनाऱ्यावर आल्यावर म्हणाला, "तुम्ही वर बघत बसलात. पाणी खालून येतं." आम्ही जास्त पैसे पुढे केले तर त्याने ठरलेले भाडे तेवढे घेतले आणि म्हणाला, "आज एकादशी. सव्वाआठची भरती. एवढं तर मुंबईच्या माणसाला कळायला पाहिजे."

एकादशीशी आमच्या घराचा संबंध उपासापुरताही राहिलेला नाही. पण तिथी म्हणजे चंद्राचे वय, त्यात पुण्य-पाप काही नाही, आणि समुद्र चंद्रावर चालतो. हिशेब असा: तिथीला पाऊणाने गुणावे, येईल तितके वाजता भरती, दुपारची किंवा रात्रीची. अकरा पाऊणे सव्वाआठ. त्याच्या सुमारे सहा तास आधी, म्हणजे सव्वादोनला, पूर्ण ओहोटी. तिथून पाणी चढायलाच लागलेले. आम्ही तीनला वाळूत उतरलो तेव्हाच ते परतीला निघाले होते. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचा आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने चालणारा. अचूक वेळ मोबाईलवर किंवा वर्तमानपत्रात बघावी. पण डोक्यात हिशेब असला म्हणजे वेळ बघायची आठवण होते. पाऊणकी आम्हाला लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतली होती, पावकी-निमकीच्या जोडीने, आणि आम्ही ती कॉलेजात गेल्यावर टाकून दिली होती.

याच पाऊणकीचा फोटोसाठीही उपयोग आहे, तो आम्ही नंतर शोधला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाला. त्या दिवशी सूर्यास्ताला लांबवर ओली वाळू उघडी असते आणि तिच्यात सगळे आभाळ उतरते. अष्टमीच्या आसपास सूर्यास्तालाच भरती असते. त्या दिवशी वाळूत जाण्यात अर्थ नाही, वरूनच फोटो घ्यावा. चैत्यभूमीजवळ पाण्यावर बांधलेला माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाचा जो सज्जा आहे, तो अशा वेळी बरा. मात्र पावसाळ्यातल्या उधाणाच्या दिवशी, जेव्हा साडेचार मीटरच्या वर भरती असते, तेव्हा कठड्यावर, टेट्रापॉडवर, खडकांवर कुणीही जाऊ नये. खडकांचे सर्वांत वाईट. ओहोटीला माणूस टोकापर्यंत जातो, तोंड समुद्राकडे असते आणि पाणी मागच्या घळीतून भरते.

विजांचे माप त्याहून सोपे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर फोटो बंद, पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली उभे राहू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केलेले 'दामिनी' अ‍ॅप जवळपासच्या विजा दाखवते. विजेचा फोटो हवाच असेल तर घरातून, बंद खिडकीतून व्हिडिओ चालू ठेवावा आणि नंतर त्यातला क्षण निवडावा. आणि वादळाच्या दिवशी हवामान खात्याचा लाल इशारा असताना किनाऱ्यावर जाणे हे धाडस नव्हे. ३ जून २०२० ला 'निसर्ग' श्रीवर्धनजवळ धडकले, १७ मे २०२१ ला 'तौक्ते' मुंबईच्या बाजूने गेले. त्या दिवसांचे चांगले फोटो आम्ही पाहिले ते बहुतेक खिडकीतून काढलेले होते.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर एका टपरीच्या आत सगळी मुले ओलीचिंब बसली होती. कुणी बोलत नव्हते. वारा पडला, ढग डोंगरावरच कोसळून संपत आला होता, आवाज दूर गेला होता. बाकीचे पर्यटक पश्चिमेकडे तोंड करून सूर्यास्त बघत होते. जिची चप्पल गेली ती नववीतली मुलगी उठली, टपरीच्या मागच्या बाजूला गेली आणि आईचा जुना मोबाईल काढून, काच फ्रॉकच्या ओल्या टोकाने आणि मग मैत्रिणीच्या कोरड्या रुमालाने पुसून, तिने एकच फोटो काढला. अख्खी ऐरण गुलाबी झालेली, तिच्या पोटात काळे पाऊसधागे, आणि खाली कोपऱ्यात घोडा सोडून त्याचे अंग पुसणारा तो गाडीवाला, काळी आकृती. आम्ही तिला काहीही सांगितले नव्हते. सांगण्याच्या स्थितीत नव्हतो.

मुंबईला पोचल्यावर दोन दिवसांत आम्ही नऊही घरी जाऊन काय झाले ते सांगितले. मुलांनी अर्थात आधीच सांगितले होते. सहकारी म्हणत होते, कशाला उगाच, सगळे सुखरूप आहेत. पण दुसऱ्यांची मुले नेली होती. एका वडिलांनी ऐकून घेतले आणि त्यानंतर मुलाला वाचनालयात पाठवले नाही. आम्ही दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही. त्यांचा राग आम्हाला मान्य आहे. फोटो काढणाऱ्या मुलीची आई एका रुग्णालयात साफसफाईच्या कामाला आहे. तिने पाण्याचा पेला दिला, सगळे ऐकले आणि विचारले, "चप्पल नवी होती, ती धरायला वाकली ना?" आम्ही होय म्हणालो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, पुढच्या वेळी मी येणार सोबत."

तो फोटो मोठा करून वाचनालयात लावला आहे. त्याच्या शेजारी एका पुठ्ठ्यावर पाऊणकी लिहिली आहे, एकपासून पंधरापर्यंत. पहिल्या आठवड्यात मुले हसली, आता तोंडपाठ आहे. गेल्या महिन्यात पुढच्या सहलीचा दिवस ठरवायला पालकांना बोलावले होते. आम्ही एक रविवार सुचवला. त्या बाईंनी भिंतीवरचे कॅलेंडर बघितले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "पंचमी आहे. पाच पाऊणे पावणेचार. ऐन वेळेला पाणी वर. पुढचा रविवार घ्या."

पुढचा घेतला.